नानांच्या खांद्यावरचा हात

पिंपळवंडीत कुणाच्या बाळकृष्णाला अंगरखा शिवायचा असला, की बाया मंगलच्या ओट्यावर यायच्या. चार बोटं उंचीच्या देवाला चुण्या घातलेलं झबलं, त्याला जरीचा काठ, वर मोत्याएवढं बटण. गौरी बसायच्या आधी तर पंधरा दिवस तिचं मशीन थांबत नसे. सासू साळुबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, "आमच्या मंगलच्या हातचं लेवून देव हसतो."

मंगलला ते ऐकवत नसे. ती मान खाली घालून दोरा ओवत राही. बायांना वाटे, केवढी ही विनयाची. खरं कारण माडीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेत होतं. वर देवाच्या कापडांचं गाठोडं, आणि त्याच्याखाली जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या नऊ बाहुल्या.

पहिली आली ती शहाण्णव साली. चिंचवडच्या बहिणीकडे गेली असताना तिथं भंगारात द्यायच्या पिशवीत ती पडलेली दिसली. भाची श्रेया मोठी झाली होती, बाहुलीचे सोनेरी केस तिनंच कधीतरी कात्रीनं कापलेले. बार्बी की काय म्हणतात ती. मंगल बहिणीला म्हणाली, "दे मला. देवाच्या कपड्यांना मापाला बरी." बोललेलं खोटं तेव्हा फार मोठं वाटलं नाही. पुढं ओतूरच्या यात्रेतून दोन आल्या, आतून पोकळ, दाबल्या की पोट आत जाणाऱ्या. नारायणगावच्या बाजारातून तीन. एक पुण्याच्या दुकानातली, अस्सल, गुडघ्यात वाकणारी. अशा करत नऊ झाल्या.

तिला मूलबाळ नव्हतं असं नाही. मुलगा सूरज पुण्यात नोकरीला लागला होता, लेक अक्षदा कॉलेजात जात होती. शिवाय या बाहुल्या मांडीवर घेऊन थोपटायच्या तान्ह्या नव्हत्याच. त्या बायका होत्या. मान ताठ, हात मोकळे, एका पायावर भार देऊन उभ्या राहणाऱ्या, कुणी हाक मारील म्हणून कान टवकारून न बसणाऱ्या. मंगल त्यांना दोऱ्याएवढ्या बारीक काठाचं नऊवारी नेसवी, नाहीतर मासिकात बघून गुडघ्यापर्यंतचा झगा शिवी, आणि समोर बसून नुसती बघत राही. एकादशीला हरिपाठ म्हणताना तिला मधेच आठवे, हिरव्या झग्याला पट्टा लावायचा राहिलाय. मग ती स्वतःच्या गालात चापट मारून घेई. चाळिशी ओलांडलेली बाई, आणि हे काय!

भावानं कॅमेरा दिला आणि गोष्ट आणखी वाढली. साधाच कॅमेरा होता. समोर धरायचा आणि बटण दाबायचं, छत्तीस फोटो झाले की घर्रर्र करून रीळ आपोआप गुंडाळलं जाई. घरातल्यांचे, बैलपोळ्याचे, अक्षदाच्या मैत्रिणींचे फोटो मंगलच काढी. आणि मधले चार-दोन बाहुल्यांचे. पुढं पुढं मधले चार-दोन घरातल्यांचे होऊ लागले. द्राक्षाच्या वेलीखाली उभी असलेली बाहुली, कांद्याच्या चाळीच्या जाळीला टेकलेली, पाटाच्या कडेला पाय सोडून बसलेली. रीळ धुवायला ती स्वतः नारायणगावला जायची. स्टुडिओवाल्या कुंडलिकला तिनं पहिल्यांदाच सांगून टाकलं होतं, "कपड्यांच्या नमुन्याचे हायेत." तो पाकीट चिकटवून देई, जास्त विचारत नसे.

जाऊ इंद्रायणी मात्र टोचायची. "ताई, सकाळच्या पारी झेंडूत काय हुडकता? बिबट्याबिबट्याशी सोयरीक जमिवली काय?"

"फुलं आणाय गेलते," मंगल म्हणायची.

"फुलाला गेलं की तासभर लागतो व्हय? आमच्या देवाला दोन फुलात भागतं बाई."

सासऱ्यांचं नाव भिमाजी. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. बोलणं थोडं, आणि तेही सुनेशी अगदी थोडं. त्यांच्या थोरल्या भावाचं, धर्माजीचं, आदल्या वर्षी निधन झालं. दशक्रियेला घाटावर टेबलावर फोटो ठेवायचा, तर धर्माजींचा एकट्याचा फोटोच नव्हता. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केला. त्यात त्यांच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी पंजा राहिला. प्रवचन झालं, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली, आणि सगळा वेळ लोक कुजबुजत होते, हात कुणाचा? घरी येताना नाना म्हणाले होते, "माणूस एकला जातो. फोटूत तरी एकला असावा."

दोन हजार दोनच्या दसऱ्याआधीची गोष्ट. वावरात झेंडू नुसता पिवळाधमक झाला होता. दव होतं. मंगलनं गुडघ्यात वाकणाऱ्या बाहुलीला अंजिरी नऊवारी नेसवलं, एक हात पुढं पसरून तिला बांधावरच्या दगडावर उभं केलं आणि खाली बसून एकेक फोटो काढला. शेवटचा निघाला आणि कॅमेरा घर्रर्र वाजला. छत्तीस झाले. तिनं रीळ काढून कमरेला खोचलं, बाहुली पदराखाली घेतली, परडीत मूठभर फुलं टाकली आणि घरी आली.

अर्ध्या तासानं नाना अंगणात आले. भीमाशंकरला नेसलेलं नवं धोतर, वर कोट, टोपी, कपाळाला अष्टगंध.

"सूनबाई," ते म्हणाले, "माझा एक फोटू काढ. एकल्याचा. मागं कुनी नको."

मंगलच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. रीळ संपलं असं म्हणायचं होतं, एवढंच. पण रीळ चारच दिवसांपूर्वी नानांच्या देखत टाकलं होतं. छत्तीसच्या छत्तीस कशाचे काढलेस, असं कुणी विचारलं तर? ओट्यावर साळुबाई होती, दारात इंद्रायणी होती. विचार करायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ती आत जाऊन कॅमेरा घेऊनही आली.

नाना तुळशीवृंदावनाशेजारी उभे राहिले. दोन्ही हात मांड्यांना चिकटवलेले, हनुवटी वर. श्वाससुद्धा रोखून धरलेला. मंगलनं रिकामा कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. खट् वाजलं. उजेड पडला.

"झाला?"

"झाला, नाना."

"डोळं मिटलं न्हाई ना?"

"न्हाई."

त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि जन्मात पहिल्यांदा सुनेकडे बघून हसले. ते हसू मंगलला सोसलं नाही. ती चुलीपाशी जाऊन उगाच लाकडं पुढंमागं करत बसली.

तिचा हिशोब सोपा होता. शनिवारी बाजारात नवं रीळ आणू आणि पुन्हा एक काढू. रीळ आणलंही. पण नाना ऐकेनात. "एक निघालाय की. दुसरा कशापायी? मी काय नवरदेव हाये?" ती म्हणाली, पहिला नीट आला नसेल तर? नाना म्हणाले, "तुझ्या हातचा नीटच येतो." आणि गावभर सांगत सुटले. पारावर, डेअरीवर, निमगाव सावाच्या पाहुण्यांना सुद्धा. आपलं काम झालंय, सूनबाईनं फोटू काढून ठेवलाय. मंगल रोज सकाळी देवापुढं हात जोडून ठरवी, आज सांगायचं. दुपारपर्यंत धीर गळून जाई. अंजिरी नऊवारीचं ते रीळ तिनं धुवायलाच दिलं नाही. ट्रंकेत टाकून ठेवलं.

मार्गशीर्षात नाना गेले. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेले.

जिथं त्यांनी प्राण सोडला तिथं पीठ पसरून दिवा ठेवला होता. आठव्या दिवशी मंगल त्या दिव्यात तेल घालत होती, तेवढ्यात नवरा दादाभाऊ दारात येऊन उभा राहिला.

"नानांच्या फोटूचं रीळ दे. कुंडलिककडून मोठा करून आणतो. परवा घाटावर लागंल."

रीळ जळालं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. उजेड लागला की रिळं जळतात, सगळ्यांना माहीत होतं. शब्द तिच्या जिभेवर आलाही. पण समोर पीठ होतं, दिवा होता, आणि त्या दिव्यासमोर दुसरं खोटं तिच्या तोंडातून बाहेर पडेना. खरंही पडेना. ती उठली, माडीवर गेली आणि ट्रंकेतलं ते रीळ आणून नवऱ्याच्या हातावर ठेवलं. तो मोटारसायकलला किक मारून गेला, आणि मंगल भिंतीला टेकून बसली. फाशीचा हुकूम झालेल्या माणसाला कदाचित एवढंच शांत वाटत असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला तेव्हा ओट्यावर भावकीतली दहा-बारा माणसं बसली होती. पाकीट त्याच्या हातातून चुलत दीर चांगदेवनं घेतलं.

"बघू तरी, नाना कसं दिसत्यात... अरं! हे काय? ह्या तर भावल्या!"

फोटो हातोहात फिरू लागले.

"मडम हाये राव. मडमेला लुगडं नेसिवलंय!"

"ही बघ, पाटावर पाय सोडून बसलीया. धुणं कोन धुनार हिचं?"

कुणीतरी फसकन हसलं. सुतकाचं घर आहे हे आठवून हसणं खोकल्यात गेलं. आत बायांमध्ये बसलेल्या मंगलला सगळं ऐकू येत होतं. इंद्रायणी तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि या वेळी टोचायचं सुद्धा विसरली होती.

"कुणाचं रीळ आणलंस रं?" चांगदेवनं विचारलं.

"आमचंच हाये," दादाभाऊ म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "कुंडलिक म्हनला, वैनी न्हेमी आसलेच फोटू धुवाय आणत्यात." मग त्यानं पिशवीतून एक मोठी तसबीर काढली. "छत्तिसात नाना एकातच गावलं. तेवढंच कापून मोठं केलं त्यानं."

तसबीर आत बायांकडे आली. साळुबाईनं ती मांडीवर घेतली, आणि मंगलला ती बघावी लागली.

मागं पिवळा झेंडू. त्यात नाना उभे. नवं धोतर, कोट, टोपी, कपाळाला गंध. जरा धूसर, पण नानाच. म्हणजे त्या सकाळी ते तयार होऊन तिला शोधत वावरात आले होते. बाहुली उभी करून मातीत बसलेली सून त्यांनी पाहिली होती. ती लाजेल म्हणून हाक न मारता लांबच थांबले होते आणि तसेच मागं फिरले होते. अर्ध्या तासानं अंगणात आले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांच्यापासून लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रीळ संपलंय, उद्या काढू, असं ती म्हणाली असती, तर ते बरं म्हणून टोपी काढून आत गेले असते.

आणि त्यांच्या खांद्यावर एक हात होता. पुढं उभ्या असलेल्या बाहुलीचा. बाहुली जवळ, नाना लांब, त्यामुळे फोटोत तो हात अगदी माणसाएवढा दिसत होता. गोरा, गुळगुळीत, बोटं जुळलेली. कुंडलिकनं दादाभाऊला सांगितलं होतं, "हात काढाय गेलो तर खांदा जातोय. हार जरा रुंद घाला."

घाटावर हार रुंद घातला. तरी भाषणं चालू असताना वारा सुटला, हार सरकला, आणि लोक कुजबुजले, हात कुणाचा? मंगल बायांच्या सगळ्यात मागं बसली होती. तिनं पदर एवढा पुढं ओढला की तिला कुकडीचं पाणी सुद्धा दिसेना.

भावकीनं ते चार महिने चघळलं आणि सोडून दिलं. तुळशीपाशी काढलेला नानांचा फोटो चुकून आला नसेल, कॅमेऱ्याचं काय सांगावं, असं सगळे धरून चालले. दादाभाऊ तर उलट तिचीच समजूत घालायचा. खट् वाजलेला रिकामा कॅमेरा फक्त तिला माहीत होता. कॅमेरा तिनं भावाला परत केला. बाहुल्या टाकून द्यायला ती दोनदा पाटापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा घेऊन परत आली. त्याचीही तिला लाज वाटली. रोज सकाळी आंघोळ झाली की ती झेंडूचा ताजा, घट्ट, रुंद हार ओवायची आणि तसबिरीला घालायची. हार सुकला की आकसतो, आणि आकसला की हात दिसतो. म्हणून रोज.

"नानांवर लई माया सुनेची," बाया म्हणायच्या.

वर्षश्राद्धाच्या आदल्या सकाळी ती अशीच ओवत बसली होती. साळुबाई शेजारी तांदूळ निवडत होती. मंगलचा दोरा तुटला. तिनं गाठ मारली नाही.

"आत्या, त्या दिशी कॅमेऱ्यात रीळ नव्हतं."

साळुबाईचा हात थांबला.

"तुळशीपाशी मी नुसतं बटण दाबलं. भावल्यांवर संपवलं व्हतं सगळं. सांगायची लाज वाटली."

सुपातला एक खडा साळुबाईनं बोटानं बाजूला केला, मग आणखी एक.

"त्या दिशी रातच्याला जेवताना मला म्हनलं," ती अखेर म्हणाली, "डोळं मिटलं न्हाईत म्हणं, सूनबाईनं बघितलंय." तिचा आवाज चढला नाही. "मला सांगायचं व्हतंस गं. मी म्हनले असते त्यास्नी, उद्या काढा."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. तसबिरीवरचा कालचा हार तिनं काढला. मंगल अर्धा ओवलेला हार घेऊन घाईनं पुढं झाली, तर साळुबाईनं तो तिच्या हातातून घेतला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

"आता न्हाई घालायचा त्यास्नी. दिसू दे."

ते रागानं म्हटलं की मायेनं, हे मंगलनं विचारलं नाही. तिनं गंध उगाळलं, अनामिका बुडवली आणि काचेवर नानांच्या कपाळाला लावलं. खाली खांद्यावर तो गोरा हात होता तसाच होता. आज त्याच्याकडे न बघता तिला मागं सरता आलं नाही.