नद्यांच्या सासरची ओटी

आमच्या जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी जिभेला खारे लागते. तेच पाणी पीत झुंबरबाई म्हाताऱ्या झाल्या. त्यांचा एक नेम होता. नवी नदी दिसली की तिची ओटी भरायची, खण-नारळ पाण्यावर सोडायचा. पूर्णा झाली, तापी झाली, नर्मदाही झाली. आता समुद्र राहिला होता.

"समुद्र तं गडीमाणूस. गड्याची ओटी भरते काय कोणी?" शेजारचे पुंजाजी माळी चिडवत.

"त्याची कोण भरते? त्याच्या घरी पोरी नांदाले गेल्या, त्याईची भरतो मी."

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेल्यानंतरची ही गोष्ट. त्या साली कापूस बरा आला आणि झुंबरबाईंचे यजमान उकंडराव तयार झाले. शहरी लोक हवापालटाला जातात त्या वेळबंदर गावी झुंबरबाईंचा भाऊ इंद्रभान आचारी होता. त्याच्याकडे उतरायचे ठरले.

तेवढ्यात एका मासिकात वेळबंदरवर लेख आला. लिहिणारे पुण्याचे नामांकित लेखक. त्यांचे भाषण उकंडरावांनी खामगावला ऐकले होते, तेव्हापासून त्यांचा शब्द उकंडरावांना देवाचा. मी शाळेविना वाचायला शिकलेला. पारावर लेख मीच वाचला. अंथरुणात वाळू, वाऱ्याला मासळीचा वास, पाणी मचूळ, चहा बेचव, डाळ शिजता शिजत नाही. शहाण्याने तिकडे फिरकू नये, असा शेवट.

"झालं," उकंडराव म्हणाले. "एवढा मोठा माणूस उगाच लिहीन काय? नाही जात आपण."

"घरीच समुद्र दाखवा वयनीले," पुंजाजी हसले. "हौदात मूठभर मीठ टाका!"

झुंबरबाई समोरच्या ओसरीवर होत्या. "पाण्याचं पुन्हा वाचा बरं, भाऊ. आन् डाळीचं."

मी वाचले.

"हे तं माह्या चुलीचंच गाऱ्हाणं हाय! याच्यापायी मी काऊन मागं राहू?"

"तुले त्याईच्याहून जास्त समजते?"

"नाही समजत. ते तिथं सुखानं राहाले गेले होते. मले ओटी भराची हाय. तुमी नका येऊ, मी जातो."

नांदुऱ्याला त्या गाडीत बसल्या, आणि गाडी हलता हलता उकंडरावही त्याच डब्यात चढले.

लेख खरा निघाला. वास होता, वाळू होती, इंद्रभानची डाळही कडकच राहिली. परतीच्या दिवशी सकाळी झुंबरबाईंनी खण-नारळ लाटेवर सोडला. लाटेने तो त्यांच्या पायाशी आणून टाकला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. भरतीची वेळ होती.

"पाह्य, घेत नाही तो," उकंडराव म्हणाले. "चाल, गाडी जाईन."

"जाऊ द्या. लेकीच्या दारी आलो, उभ्याउभ्याच माघारी फिरू काय?"

त्या ओल्या वाळूत बसल्या. ऊन चढले, पाणी हळूहळू मागे सरू लागले. मग उठून त्या गुडघाभर पाण्यात गेल्या आणि नारळ सोडला. तो हलत, थांबत, पुढे गेला.

गाडी केव्हाच गेली होती. उकंडरावांनी धोतर खोचले आणि तेही पाण्यात शिरले, नारळ नीट पोचतो की नाही ते पाहायला.