मावशींनी मागितलेल्या निवडणुका

अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये, आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये हाँगकाँगच्या एक बाई एकट्या राहतात. निवृत्त शिक्षिका, सत्तरीला टेकलेल्या. आमच्या इथल्या पहिल्याच हिवाळ्यात माझी गाडी बर्फात रुतली, तेव्हा त्या फावडं घेऊन बाहेर आल्या आणि तिथून येणंजाणं सुरू झालं. वयानं मोठ्या बाईला नावानं हाक मारणं मला जमेना. आमच्याकडे मावशी म्हणतात, असं मी सांगितलं. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला आणि ठेवून घेतला.

ब्रिटिश जाणार आणि हाँगकाँग चीनच्या हवाली करणार हे ठरलं, तेव्हा मावशी शाळेत नुकत्याच शिकवायला लागल्या होत्या. शाळा सुटली की मैत्रिणींबरोबर बोटीच्या धक्क्यावर उभं राहून त्या येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगायच्या: हस्तांतर व्हायच्या आधी निवडणुका मागा. आपली माणसं आपण निवडलेली असली, तर नव्या सरकारला निदान कुणाशी तरी बोलावं लागेल.

"लोक ऐकायचे?" मी विचारलं होतं.

"लोकांना बोट पकडायची असायची. एक म्हातारा मात्र थांबायचा. म्हणायचा, पोरी, घर विकताना भाडेकरूला कोण विचारतं?"

"मग तुम्ही?"

"मी म्हणायचे, विचारत नाहीत म्हणूनच बोलायचं."

हव्या तशा निवडणुका काही झाल्या नाहीत. पुढे लग्न होऊन त्या अमेरिकेत आल्या. धाकटा भाऊ तिकडेच राहिला.

भाडेकरूचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आम्ही नागपूरहून वर्क व्हिसावर आलो, त्याला बरीच वर्षं झाली. ग्रीन कार्डची रांग हलत नाही. इथे टॅक्स भरतो, पण मत नाही. नागपूरच्या मतदारयादीत नाव आहे, पण तिकडे गेल्यावर परतीच्या व्हिसाचा स्टँप वेळेवर मिळेल की नाही या धास्तीनं मी सख्ख्या भावाच्या लग्नालाही गेले नाही.

गेल्या वर्षी गावच्या लायब्ररीनं हाँगकाँगवर एक चर्चा ठेवली आणि मावशींना बोलायला बोलावलं. त्यांनी हो म्हटलं. दोन दिवसांनी भावाचा फोन आला. त्याचं डायलिसिस चालू होतं, आणि वसंतात मावशी त्याच्याकडे जाणार होत्या. तो एवढंच म्हणाला, "ताई, तू बोललीस तर इकडे येऊ नकोस. माझ्या मुलाची सरकारी नोकरी आहे. परदेशात बोललेलंही इथे आता धरतात."

मावशींनी भाषण कॅन्सल केलं. नुसतं ऐकायला जाऊ म्हणाल्या, मला सोबत घेऊन.

निघताना नवरा म्हणाला, "मागे बस. कुणी फोटो काढत असेल तर खाली बघ. उगाच कशात नाव यायला नको यार."

आम्ही मागेच बसलो. चर्चा संपत आली तेव्हा पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. म्हणाले, "ब्रिटिश होते तोवर तिथे कुणी निवडणुका मागितल्या नाहीत. हे सगळं नंतर सुचलं."

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी पर्सचा पट्टा मुठीत आवळून धरला होता. वक्ते काहीतरी मोघम उत्तर देत होते. मावशी उभ्या राहिल्या.

"मागितल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मी मागितल्या होत्या. धक्क्यावर उभं राहून, घसा बसेपर्यंत."

तेवढंच बोलून त्या खाली बसल्या. मी त्यांचा हात धरला. दोन-तीन जण मोबाइलवर शूटिंग करत होते. मी खाली बघायचं विसरले.

तो तुकडा कुणीतरी टाकला आणि तो फिरत गेला. नवऱ्यानं तो पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला. "तुझा फक्त खांदा दिसतोय," तो शेवटी म्हणाला. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

मावशींच्या भावानं फोन घेणं बंद केलं. भावजयीचा निरोप आला: सध्या फोन नको, येणंही नको. नंतर तो हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्याचं त्यांना एका जुन्या विद्यार्थिनीकडून कळलं. त्या रोज विमानाची तिकिटं बघायच्या आणि लॅपटॉप मिटून ठेवायच्या. जाता आलं असतं. कदाचित काहीच झालं नसतं. पण हे 'कदाचित' भाच्यावर शेकलं असतं.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. न राहवून विचारलं, "तेव्हा गप्प बसायला हवं होतं, असं वाटतं का?"

"भावाचा चेहरा आठवला की वाटतं," मावशी म्हणाल्या. "लायब्ररीतल्या त्या माणसाचं बोलणं आठवलं की नाही वाटत. दिवसभर हेच चालतं."

त्यांनी माझ्या वाटीत आणखी भात घातला. मला नको होता, पण नको म्हणवेना.