तात्यांपुरती वाट

तुळजापूरच्या आईवरचा माझा विश्वास त्या मंगळवारी दुपारी उडालाच होता, हे आधी कबूल करतो. आमच्या वस्तीचे तात्या गेले होते. लोहाऱ्याकडच्या आमच्या गावात वस्तीच्या मयताला स्मशानाची वाट नव्हती. ओढ्यातून चिखल तुडवत न्यावं लागायचं. तात्यांनी माणसं घेऊन तहसीलसमोर वर्षानुवर्षं बसून ती वाट मिळवली. मार खाल्ला, पण हात उचलला नाही, आमच्यातल्या कुणाला उचलू दिला नाही. गळ्यात कवड्यांची माळ, तोंडात आईचं नाव. मला कॉलेजात घाला म्हणून माझ्या बापाच्या मागं लागले तेही तेच. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि त्याचा मला अभिमान आहे.

त्यांचीच तिरडी त्याच वाटेवर अडली. शेजारच्या शेतमालकानं बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या. "माझ्या रानातनं न्हाय जायचं. जावा ओढ्यानं, पहिल्यासारखं." मी खिशातला तहसीलचा आदेश काढून मोठ्यानं वाचू लागलो. तो हसला. "वाच, वाच. लई शिकलास की!" आमच्या माणसांनी दगड उचलले. खरं सांगतो, एक माझ्याही हातात होता. तो सुटला असता तर तात्यांचं सगळं आयुष्य तिथंच मातीत गेलं असतं.

तेवढ्यात सडकेवरून एक म्हातारी आराधीण आली. आईच्या नावानं मंगळवारचा जोगवा मागत निघालेली, हातात परडी; आमच्यापैकी कुणी तिला ओळखत नव्हतं. तिनं तिरडीला हात जोडले आणि सरळ त्या रानातच असलेल्या शेतमालकाच्या घरापुढं जाऊन उभी राहिली. "जोगवा वाढ गं माय." त्याची आई सुपात पीठ घेऊन बाहेर आली. आमच्याकडं आराधिणीला रिकाम्या परडीनं कुणी परत लावत नाही. पण म्हातारीनं परडी मागं घेतली. "पीठ नगं. त्या मयताला वाट वाढ."

"आये, आत जा!" शेतमालक ओरडला.

"गप रं. आईचा जोगवा दारातनं रिकामा धाडू व्हय?" तिनं सूप खाली ठेवलं आणि स्वतः काट्या ओढायला लागली. हातातून रक्त आलं. तो बघत राहिला, मग मान खाली घालून तिच्या हातातली फांदी त्यानं घेतली. माझ्या हातातला दगड कधी गळाला, मला कळलं नाही.

तात्या त्यांच्या वाटेनं गेले. परतताना आराधीण कुठंच नव्हती. वस्तीत म्हणतात, ती तुळजापूरची आईच होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो, तर काट्या परत होत्या. आम्ही ओढ्यातून गेलो. वाट हक्काची आहे, हे मी सोडलेलं नाही. पण शिकलो म्हणजे कागद दाखवून सगळं होतं, ही माझी घमेंड तिथं चिखलात राहिली. आई, तू तात्यांपुरती वाट दिलीस, मला दगड मारू दिला नाहीस, तुझे हे उपकार थोडे नाहीत. सोमवारपासून मी तहसीलसमोर बसतोय. किती वर्षं, ते तुझ्यावर सोडलं.