सुईत दोरा ओवणारी नायिका

देवासला शिवणकाम करणाऱ्या इंदूताई नवं मराठी नाटक आलं की दुकान बंद करून इंदूरची बस पकडत. मागच्या महिन्यात प्रयोग संपल्यावर त्यांनी तरुण नाटककाराला गाठलं.

"भिया, नाटक एकदम झकास! नवऱ्याशी भांडताना ती रडत नाही, ते फार आवडलं. पण तुमची नायिका शिंपीण ना? मग दोरा न ओवताच कशी शिवते?"

तो खळखळून हसला आणि त्यानं नटीलाच बोलावलं. इंदूताईंनी पर्समधली सुई काढून तिला तिथेच शिकवलं.

पुढच्या प्रयोगात भांडण ऐन रंगात असताना नटीनं शांतपणे दोरा ओवला. 

"पाहिलंत? आता दिसला तिचा राग," इंदूताई शेजारच्या अनोळखी बाईंना म्हणाल्या आणि पुन्हा नाटकात रमल्या.