चर्चला कुलूप लावायचा रविवार

पाळकसाहेबांनी जालन्याहून फोनवरच सांगितलं होतं, की शेवटची उपासना झाली की चर्चला कुलूप लावायचं आणि किल्ली त्यांच्याकडे द्यायची. त्यांचंही चूक नव्हतं. केदारखेड्याच्या अलीकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं म्हणायला दोनच उरली होती. एक माझं, आणि एक अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचं, ज्याला सोडून त्याची बायको उंबऱ्याबाहेर पडत नाही. बाकीचे पोटामागे पुण्याला गेले. दर रविवारी दार उघडणारी, झाडणारी, गाणारी आणि ऐकणारी मी एकटीच होते, आणि आता मीही लेकीकडे कॅनडाला निघाले होते, कायमची. नवरा गेल्यापासून लेक मागे लागली होती. शेवटी मी हो म्हटलं, आणि हो म्हटल्यापासून माझी नुसती चिडचिड चालली होती.

चर्च म्हणजे काय, दगडी भिंतींची एक खोली, वर पत्रे, पुढे कडुनिंब. पण माझा बाप्तिस्मा तिथला, लग्न तिथलं, नवऱ्यासाठीची शेवटची प्रार्थना तिथली. माझ्यानंतर तिथे पाली आणि कबुतरं नांदणार, हे मला सहन होत नव्हतं. लेकीला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "आई, इकडे केवढं मोठं चर्च आहे." तिला काय सांगणार.

निरोपाच्या रविवारी पाळकसाहेब आले आणि मागोमाग अख्खं गाव लोटलं. माझ्या हाताखाली शिकलेले बाप्ये लेकरं कडेवर घेऊन आले. माझ्यासोबत शाळेत नोकरी केलेले बौद्ध गुरुजी पांढरी शाल घेऊन आले. सतरंज्या पुरेनात. ज्या खोलीत मी भिंतींना गाणी ऐकवत होते ती अशी भरलेली पाहून आधी मला रागच आला. इतकी वर्षं कुठे होतात रे सगळे? मग गायन सुरू झालं. शब्द कुणालाच येत नव्हते, पण टाळ्या बरोबर पडत होत्या, आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढी माणसं माझी होती, हे मला माहीतच नव्हतं.

चहा-चिवडा झाला, लोक पांगले. मी कुलूप अडकवलं तेव्हा किल्लीसाठी थांबलेले पाळकसाहेब सोडले तर पायरीवर फक्त माझी मैत्रीण उरली होती. ही समोरच्याच घरातली धनगरीण. लग्न होऊन गावात आली तेव्हापासून रविवारी माझी उपासना संपेपर्यंत ती पायरीवर बसायची, मग आम्ही तिच्याकडे चहा घ्यायचो. आत कधी आली नाही. बोलावलं तर "माझं काय काम तिथं?" म्हणायची.

"कुलूप कशाला लावून राह्यली?" तिनं विचारलं.

"आता कोण येणार इथं?"

"म्हंजी देवाला कोंडून चाललीस व्हय?"

मी पडले मास्तरीण. लगेच समजवायला बसले, की आमचा देव खोलीत राहत नाही, तो सगळीकडे असतो, कॅनडातही असतो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"असंल," ती म्हणाली. "पर त्याला सवय झाली ना, दर रविवारी कुन्ही तरी येतंय म्हनून. किल्ली दे इकडं."

पाळकसाहेब हसले नाहीत. "मावशी, तुम्ही काय करणार इथं?"

"झाडून घेईन. बसंन घडीभर."

"आणि प्रार्थना?"

"ती मला न्हाई येत. येते म्हनून मी कवा म्हनलं?"

पाळकसाहेब रुमाल काढून चष्मा पुसत बसले. मी तोच होकार धरला आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. खरं सांगायचं तर मला भरवसा नव्हता. निरोपाच्या वेळी माणूस काहीही बोलून जातं.

पुढच्याच रविवारी सकाळी मला न्यायला गाडी आली. बायका गळ्यात पडल्या, पोरं पाया पडली, ती मात्र कुठे दिसेना. मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांची सोबत आणि नेमकी आजच गायब.

गाडी चर्चपुढे आली, तर दार सताड उघडं. तिची शेरडं अंगणात बांधलेली, चरायला सोडा म्हणून ओरडत होती. सख्ख्या भावाच्या लग्नातूनही जी त्यांना चारायला अर्ध्यातून परत आली होती, ती ही बाई. पायरीवर सडा घातलेला, त्यावर रांगोळीचा क्रूस, आणि क्रूसाला हळदकुंकू वाहिलेलं. पाळकसाहेब काय म्हणाले असते कोण जाणे. मी गाडीतून उतरले, चपला काढल्या आणि तिथेच थांबले.

ती आत होती. बायकांच्या बाजूला, जमिनीवर, डोक्यावर पदर घेऊन. ओठ हलत नव्हते. आजाऱ्याच्या उशाशी बसतात तशी नुसती बसली होती. जन्मभर मी त्या खोलीत देवाकडे काही ना काही मागत आले. त्याला सोबत म्हणून कुणी बसेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. माझ्याच चर्चमध्ये पाऊल टाकायची मला भीती वाटली, आणि ती भीती मला हवीशीही वाटली.

चाहूल तिला लागली असावी. मागे न वळता ती म्हणाली, "जा तू. उशीर व्हईल. मी बसलीय इथं."