आई घाटनांदूरला गेलीय

माझी आई वर्षापूर्वी वारली आणि माझ्या वडिलांना ते माहीत नाही.

सांगितलं नाही असं नाही. त्या दिवशी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा आप्पा ऊर फुटेस्तोवर रडले आणि थोड्या वेळानं तिलाच चहा मागितला.

मामा तिसऱ्यांदा सांगायला निघाले, तेव्हा मी त्यांना दारातच अडवलं.

हे मला आईनं शिकवलं होतं. आईला मोबाईलनं.

आप्पांना डिमेन्शिया आहे. परळीच्या थर्मल वीजकेंद्रातून रिटायर झालेला माणूस, वारलेल्या धाकट्या भावाची रोज वाट बघायचा.

आई वैतागायची. "मेले की हो ते. किती बार सांगू?" आप्पा दर वेळी नव्यानं रडायचे.

मग कुणीतरी तिला अशा पेशंटच्या घरच्यांसाठीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतलं. रोज एक छोटा व्हिडिओ. चौथी शिकलेली माझी आई पिठाच्या डब्याला फोन टेकवून, भाकरी थापत तो ऐकायची.

एकदा त्यात सांगितलं, तीच वाईट बातमी पुन्हा पुन्हा देऊ नका. त्या माणसाबद्दल त्यांना बोलतं करा.

त्या दिवसापासून आईच्या सांगण्यात काका रोज आष्टीच्या बाजाराला गेलेले असायचे. आप्पा खुलले, भावाच्या खोड्या सांगायला लागले.

आई मला म्हणाली, "जल्मभर खरं बोलले. आन् म्हातारपणी ह्या मोबाईलनं लबाड बोलाया शिकीवलं बघ."

एक व्हिडिओ मात्र तिनं उघडलाच नाही. सांभाळणाऱ्यानं स्वतःची तब्येत कशी जपावी, तो.

मी मागं लागले की म्हणायची, "ह्यांचं बघू का माजं?" छातीत दुखतंय हेसुद्धा कुणाला बोलली नाही. मला तिचा राग येतो. अजून येतो.

तो व्हिडिओ मी बघितला. तिच्याच फोनवर, ती गेल्यावर.

आता मीच आप्पांजवळ राहते. आई रोज घाटनांदूरला, माहेरी गेलेली असते. घरात तिच्या फोटोला हार नाही.

आज वर्षश्राद्धसुद्धा शेजारच्या मावशींच्या घरी केलं. आप्पांना सांगितलं, त्यांच्याकडं पाहुणे आलेत.

तिथून आप्पांसाठी ताट आणलं. दोन घास खीर खाल्ली आणि आप्पांचा हात थांबला.

"तुजी माय संध्याकाळच्या गाडीनं यील न्हवं? तिच्यासाठी झाकून ठेव जरा. लई भुकेली यील."

मी झाकून ठेवलं.

घरात मोठ्यानं म्हणता येत नाही, म्हणून इथं म्हणते.

आई, तुला भावपूर्ण श्रद्धांजली.