खर्जताईंचा उलटा बेस

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासणाऱ्या बाई शनिवारी संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये बेस गिटार वाजवतात, हे दुकानातल्या निम्म्या लोकांच्या गावीही नव्हतं. हॉलमध्ये नाचायला येणाऱ्यांना तर त्या दिवसभर काय करतात याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. नाव मात्र दोन्हीकडे एकच पडलं होतं, खर्जताई. त्याला कारण त्यांचा आवाज. फोन उचलून ताईंनी "हॅलो" म्हटलं की पलीकडचा माणूस म्हणायचा, "साहेब, जरा बाईंना बोलवता का?"

बेस त्यांच्याकडे आला तो भावामुळे. भावाने मित्रांबरोबर बँड काढला होता, आणि बेस वाजवणारा मुलगा नोकरी लागून दुसऱ्या शहरात निघून गेला. वाद्य मागे राहिलं, वाजवायला कुणी नाही. गिटार तर सगळ्यांनाच हवी होती, बेस कुणालाच नको होता. भावाने तो बहिणीच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "याला चारच तारा आहेत. गिटारपेक्षा दोन कमी. तुला जमेल." बँड दोन वर्षांत मोडला आणि भाऊ विम्याच्या कामाला लागला. बेस ताईंकडेच राहिला, आणि त्या बँडचा ड्रमरही. त्याच्याशी त्यांनी लग्न केलं. पुढची सगळी वर्षं ताल कुणी धरला आणि कुणी सोडला यावरून त्या घरात भांडणं झाली, पण दोघं कायम एकाच बँडमध्ये वाजवत राहिले.

बेसची निगा हा ताईंचा स्वतःचा प्रांत होता. वाजवून झालं की तारा पुसल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. तारांचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा यायला लागला की त्या काढून उकळत्या पाण्यात सोडायच्या. बोटांचा घाम नि मळ निघून गेला की तारा पुन्हा बोलायला लागतात. एकदा नवऱ्याने भुकेपोटी पातेल्यावरचं झाकण उचललं.

"आज तारांची भाजी का?"

"हो. पण कच्ची आहे अजून."

हवा पालटली की लाकूडही पालटतं. बेसची मान पुढे वाकते, तारा बोटं टेकायच्या पट्टीपासून उचलल्या जातात आणि त्या दाबता दाबता पंजा भरून येतो. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते. ती किल्लीने आवळली की मान सरळ होते. पण आवळायची ती पाव फेराच, आणि मग दिवसभर हात लावायचा नाही. एकदा भावाने मदत म्हणून एका दमात अख्खा फेरा दिला होता. लाकडातून असा आवाज आला की ताईंनी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली, आणि नंतर कितीतरी दिवस त्याला त्या खोलीत बेसजवळ बसू दिलं नाही.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके सकाळी कुणीतरी दुकानाच्या मागच्या पायऱ्या धुऊन तशाच ओल्या सोडल्या, आणि ताई डब्यासकट खाली आल्या. अंगाचा सगळा भार डाव्या हातावर आला, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा त्या हाताची अंगठ्याकडची दोन बोटं ठीक होती. शेवटची दोन मात्र अर्धवट वळून अडायची.

"रोजच्या कामाला काही अडचण येणार नाही," हाडांचे डॉक्टर म्हणाले. "भांडं धरता येईल, बटणं लावता येतील."

"आणि गिटार?"

"आता या वयात नवीन छंद म्हणजे..."

"नवीन नाही. लग्नाच्या आधीपासून वाजवतेय."

डॉक्टरांनी हात पुन्हा आपल्या हातात घेतला, दोन्ही बोटं हलकेच वळवून पाहिली आणि खाली ठेवला. "ही आहेत तशीच राहतील," ते म्हणाले. "तुम्हाला खोटी आशा कशाला लावू?"

बँडचे मास्तर कीबोर्ड वाजवायचे. ते घरी येऊन चहा घेऊन गेले आणि जाताना म्हणाले, "ताई, तुम्ही बऱ्या होईपर्यंतच हं." बदली माणूस त्यांनी आधीच बघून ठेवला होता. तो दातांचा डॉक्टर होता, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्याचं नाव दातवाला पडलं. त्या शनिवारी ताई हॉलमध्ये मागच्या टेबलाशी बसून ऐकत होत्या. तो वाईट वाजवत असता तर बरं झालं असतं. तो चांगला वाजवत होता.

घरी आल्यावर ताईंनी डॉक्टरांवर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. बोटांत जोर नसेल तर तारा मऊ करू, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी बारीक तारा आणून चढवल्या. मग तारांचं खालचं टोक ज्यावर टेकतं त्या घोडीचे स्क्रू फिरवून तारा खाली घेतल्या. दोन दिवसांनी आणखी खाली घेतल्या. दर वेळी वाटायचं, आता बोट पोचतंय. बोट पोचायचं, पण दाबायची वेळ आली की तिथेच थिजायचं. मग पुन्हा स्क्रू. शेवटी तारा इतक्या खाली आल्या की कुठलाही सूर छेडला तरी पट्टीवर घासून करकरायचा.

आतल्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, "अगं, वाजवते आहेस की पंख्यात कागद अडकलाय?"

ताईंनी किल्ली आणखी एकदा फिरवून पाहिली. स्क्रू तळाला टेकला होता. त्याच्या खाली जायला जागाच नव्हती. त्यांनी किल्ली ठेवली, एक फोन केला आणि मग सुनेला हाक मारली.

सून एका बांधकामाच्या ऑफिसात नकाशे काढायची. मुलगा कामानिमित्त सतत फिरतीवर, त्यामुळे घरात सासू-सुनेची गट्टी होती. दोघी मिळून त्याच्याविरुद्ध मतं बनवायच्या.

"तो बेस पिशवीत भर," ताई म्हणाल्या. "दातवाल्याला फोन केलाय. घेऊन जाईल. चांगल्या हातात जाऊ दे."

सुनेने बेस उचलला. पिशवीची चेन अडकली म्हणून ती सोडवायला तिने तो मांडीवर घेतला, आणि मांडीवर आलाच आहे तर सहज एक तार छेडली. घरात इतकी वर्षं ऐकलेली एक चाल होती, ती शोधत तिने आणखी दोन सूर काढले.

"उलटा धरलास," ताई म्हणाल्या.

"उलटा कुठे? मला हाच सुलटा वाटतो, आई."

सून डावखुरी होती. लिहिणं, चिरणं, दार उघडणं, सगळं डाव्या हाताने. बेसची मान तिच्या उजव्या मुठीत होती आणि तारा ती डाव्या हाताने छेडत होती. ताई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आण इकडे. नाही, फिरवू नकोस. अस्साच दे."

त्यांनी बेस तसाच उलटा मांडीवर घेतला. उजव्या हाताची बोटं मानेवर ठेवली; चारही वळली. छेडायला डाव्या हाताची दोनच बोटं पुरतात, आणि ती दोन शाबूत होती.

"आई," सून म्हणाली, "तुम्ही आता डावखुऱ्या होणार?"

"होता येतं का?"

"मला लहानपणी उजवी करायचा प्रयत्न झाला होता, तो काही जमला नाही. पण तुमच्यात चिकाटी आहे."

दातवाला संध्याकाळी बेस न्यायला आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर बेसची हाडं वेगळी नि मांस वेगळं पडलं होतं.

"मी न्यायला आलो होतो," तो दारातूनच म्हणाला.

"आता उघडलाय. बसा. तुमच्या दवाखान्यात बारीक कानशी असतील ना?"

घोडं अडलं होतं ते मानेच्या टोकाला. तिथे हाडाची एक छोटी पट्टी असते, तिच्या चार खाचांतून चार तारा जातात. जाड तारेची खाच रुंद, बारीक तारेची अरुंद. बेस उलटा करून तारांची अदलाबदल केली की जाड तार अरुंद खाचेत मावेना आणि बारीक तार रुंद खाचेत खुळखुळायला लागली. पट्टी नवीच करायला हवी होती. दातवाल्याने ती उचलून उजेडात धरली, मापं घेतली आणि खिशात टाकली. पुढच्या वेळी आला तो कवळ्या ज्या कडक मसाल्याच्या करतात त्याची पट्टी ओतूनच. टेबलाशी बसून तो एकेक खाच कानशीने उतरवत होता आणि ताई दर दोन घासण्यांनंतर तार बसवून बघत होत्या.

"ताई, हा मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतोय," तो म्हणाला.

"वाजवता आलं तर ना. घासा."

बेस उलटा झाला खरा, पण सरळपणे नांदेना. पट्टा अडकवायचं बटण भलत्या बाजूला गेलं, म्हणून दुसरीकडे भोक पाडून नवं बसवावं लागलं. तिथून बेसचा तोल गेला आणि हात सोडला की मान जमिनीकडे झुकायची. ताईंनी पट्ट्याला आतून खरखरीत चामडं शिवलं, म्हणजे तो खांद्यावरून सरकणार नाही. आवाजाची बटणं खाली होती ती वर आली. हाताचा धक्का लागून चालू गाण्यात आवाज बंद पडायचा. दोनदा असं झाल्यावर ताईंनी ती बटणं उपटून काढली.

आणि मग शिकणं. अंकलिपीपासून सुरुवात. डोक्याला प्रत्येक सूर ठाऊक होता, आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा. डोकं पुढे धावायचं आणि हात दारातच चपला शोधत बसायचे. ताई चिडायच्या, सगळ्यांवर खेकसायच्या. एकदा त्यांनी बेस पलंगावर आपटला आणि मग लगेच उचलून कुठे पोचा आला का ते बघितलं.

"तुम्ही डाव्या हाताला हुकूम सोडता," सून म्हणाली. "तो हुकूम ऐकणाऱ्यातला नाही. आधी त्याला बाकीची कामं द्या. दात घासा, चमचा धरा, कुलूप उघडा. त्याची भीड चेपू दे."

"आणि सांडलं तर?"

"पुसू की."

बरंच सांडलं. नवरा कधी तक्रार न करता टेबलावर दोन काठ्यांनी हळू ठेका धरून बसायचा. ताईंना पोचायला उशीर झाला की तोही थांबायचा. तालासाठी जन्मभर भांडलेला माणूस बायकोसाठी बेताल वाजवत होता, हे ताईंच्या लक्षात आलं होतं. त्या दिवसांत तालावरून भांडण झालं नाही.

पुढच्या वर्षी मास्तरांनी त्यांना दोन संथ गाणी दिली. ताईंनी काळी साडी नेसली आणि दातवाल्याच्या जागी उभ्या राहिल्या. पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्यात, कडवं संपून वळताना, हात जुन्या सवयीने उलट्या दिशेला गेला आणि एक सपशेल चुकीचा सूर हॉलभर घुमला. नवऱ्याने त्याच क्षणी झांज अशी काही हाणली की नाचणाऱ्यांना तो गाण्याचाच भाग वाटला. दातवाला पडद्यामागे तोंड दाबून हसत होता. ताईही हसल्या, आणि पुढच्या सुरावर वेळेत पोचल्या.

जलद गाणी त्यांना पुन्हा जमली नाहीत. त्यांनी प्रयत्न केला, मग मास्तरांना स्वतःच सांगितलं की ती दातवाल्याकडेच राहू देत. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवल्या. संथ गाणी मात्र कायमची त्यांची झाली. पुढे वाद्यांच्या दुकानात त्यांना डावखुऱ्यांसाठी घडवलेला बेस दिसला. गळ्यात अडकवल्याबरोबर तो स्वतःहून तोल सांभाळून राहिला. मास्तरांना वाटलं, ताई जुन्यात जीव अडकला म्हणून नको म्हणतील.

"जीव मनगटात अडकलाय, मास्तर," ताई म्हणाल्या, आणि नवा घेऊन आल्या. जुना सुनेच्या खोलीत गेला. ती तो वाजवत नाही. ऑफिसातून चिडून आली की तेवढ्यापुरता बडवते.

हल्ली रविवारी हात दुखावलेले बाहेरचे वाजवणारेही आपलं वाद्य हाताजोगं करून घ्यायला ताईंकडे येतात. परवा बस चालवणारे एक गृहस्थ आले. त्यांच्या एका बोटाचं पेर गाडीच्या दारात गेलं होतं. त्यांनी आल्याआल्या बेसची पिशवी उघडायला घेतली.

"तो राहू दे," ताई म्हणाल्या. "आधी हात दाखवा."

गृहस्थ जरा संकोचले, मग त्यांनी हात पुढे केला. ताईंनी चष्मा लावला आणि त्यांची खुर्ची खिडकीजवळ ओढली.